शब्दांचे सांधे

इब्सेनचीं नाटकें महाराष्ट्रांत आलीं तीं इंग्रजीच्या दारानें. विल्यम आर्चरचीं भाषांतरें येथील कॉलेजांतून वाचलीं गेलीं, त्यांवर वादविवाद झाले, आणि अनंत काणेकरांनीं 'ए डॉल्स हाउस'चें 'घरकुल' केलें. इब्सेनचाच देशबंधु जो ब्यॉर्न्सन, त्याच्या एका नाटकाच्या आधारें श्री. वि. वर्तक यांनीं 'आंधळ्यांची शाळा' रचिली व ती १९३३ सालीं नाट्यमन्वंतर या संस्थेनें रंगभूमीवर आणिली, हेंही वाचकांस ठाऊक असेलच. परंतु ज्या भाषेंत हीं नाटकें मुळांत लिहिलीं गेलीं तिचें प्रत्यक्ष दर्शन घेण्याचा योग आपल्यापैकीं फार थोड्यांस येतो. आम्हांस तो पन्नाशी उलटल्यावर आला. आमची पुतणी लग्नानंतर ऑस्लो शहरीं स्थायिक झाली. तिनें धाडलेली नाटकांची एक जुनी प्रत, एक व्याकरण आणि एक कोश एवढ्या भांडवलावर गेलीं दोन वर्षें रोज सकाळीं अर्धा तास आम्ही नॉर्वेजियन भाषेचा अभ्यास करीत आहों.

हा अभ्यास निव्वळ हौसेचाच राहिला असता. पण गेल्या वर्षीं त्याला एक घरगुती प्रयोजन उत्पन्न झालें. पुतणीची मुलगी सहा वर्षांची होऊन तेथील शाळेंत जाऊं लागली. ती घरीं मराठी बोलते, बाहेर नॉर्वेजियन बोलते, आणि पुष्कळदां दोहोंची सरमिसळ करते. तेव्हां शाळेंत तिचें बस्तान नीट बसेपर्यंत घरांतली मराठी बंद करावी कीं काय, असा विचार तिच्या आईबापांच्या मनांत घोळूं लागला. तें ऐकून आमच्या वहिनींच्या डोळ्यांना पाणी आलें, आणि दादा आम्हांस म्हणाले, "तूं आयुष्यभर भाषा शिकवीत आलास. तूंच सांग, काय करावें?" या प्रश्नाचें उत्तर आम्हांस सांपडलें तें शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत नव्हे, तर नॉर्वेजियन भाषेच्या सामासिक शब्दांत. तें कसें, हें सांगण्यासाठीं थोडें व्याकरणांत शिरावें लागेल. वाचकांनीं तेवढें सोसावें.

प्रथम नाटकांचीं नांवेंच घेऊं. 'ए डॉल्स हाउस'चें १८७९ सालचें मूळ नांव 'एत दुक्केयेम' असें आहे. दुक्के म्हणजे बाहुली. येम म्हणजे माणसाचें आपलें घर, दिवसभर हिंडून जेथें परतावेंसें वाटतें तें. चार भिंतींच्या इमारतीला त्या भाषेंत हूस हा निराळा शब्द आहे. इंग्रजींत 'येम'चें 'हाउस' झालें तेव्हां नोराच्या दुःखाचें वर्मच जरासें ढळलें. 'घरकुल' या मराठी नांवांत तें अधिक साधलें आहे, असें आम्हांस वाटतें. १८८१ च्या 'गेन्गांगेरे'ला इंग्रजींत 'घोस्ट्स' म्हणतात. मुळांत 'गेन' म्हणजे पुनः आणि 'गांगेरे' म्हणजे चालणारे. मेले तरी पुनःपुनः येऊन वावरणारे, असा त्या शब्दाचा विग्रह. भुताची भीति इंग्रजींत उतरली. पण मेलेल्या समजुती व जुनीं पापें फिरफिरून परत येतात हा जो नाटकाचा गाभा, तो 'गेन' या एवढ्याशा पदांत होता आणि तेंच पद गळालें. १८८२ च्या 'एन फोल्केफीएन्दे' या नांवाला इंग्रजींत पांच शब्द लागले. मराठींत 'लोकशत्रु' म्हटलें कीं काम झालें.

नॉर्वेजियन ही आपल्या संस्कृताप्रमाणेंच समासप्रिय भाषा आहे, हें अशा रीतीनें मुखपृष्ठावरच ध्यानांत येतें. तिच्या समासाची घडणही आपल्या तत्पुरुषासारखी आहे. शेवटचें पद प्रधान, आधींचें पद त्याचें विशेषण. हूस म्हणजे घर व बोत म्हणजे होडी. हूसबोत ही राहण्याची होडी, आणि बोतहूस हें होडी ठेवण्याचें घर. लिंगही शेवटचें पदच ठरवितें. पाणिनीनें द्वंद्व व तत्पुरुष या समासांचें लिंग उत्तरपदाप्रमाणें सांगितलें आहे. तोच नियम उत्तर ध्रुवाकडील या देशांत पाळला जातो. इब्सेनच्या वरील नांवांतच त्याचा दाखला आहे. येम हा शब्द नपुंसकलिंगी, म्हणून बाहुलीच्या घराआधीं 'एत' हें उपपद. फीएन्दे, म्हणजे शत्रु, पुल्लिंगी, म्हणून त्याच्याआधीं 'एन'. लोक या अर्थाचा फोल्क हा शब्द एकटा असतांना नपुंसकलिंगी आहे, परंतु समासांत गेल्यावर त्याचें लिंग कोणी विचारीत नाहीं. हातगाडींतल्या हाताचें पुल्लिंग आपण तरी कोठें विचारतों?

फोल्केफीएन्दे या शब्दांत आणखी एक मौज आहे. फोल्क आणि फीएन्दे यांच्यामध्यें जो 'ए' आला आहे, तो या दोहोंपैकीं कोणाचाच नव्हे. दोन फळ्या जोडतांना सुतारानें मध्यें खुंटी मारावी तसा तो बसविलेला आहे. बार्न म्हणजे मूल व हागे म्हणजे बाग; बालवाडीला म्हणतात बार्नेहागे. कांहीं ठिकाणीं ही खुंटी 'स'ची असते. आर्बैद म्हणजे काम व प्लास म्हणजे जागा. कामाची जागा ती आर्बैद्सप्लास. या 'स'चें एक कसब पाहून तर आम्ही थक्क झालों. वीन म्हणजे द्राक्षाचें मद्य आणि त्याचा पेला तो वीनग्लास. येथें खुंटी नाहीं. पण पांढऱ्या मद्याचा, म्हणजे वीतवीनचा, पेला म्हणावयाचा झाला कीं तो वीतवीन्सग्लास होतो. (उदाहरण मद्याचें आलें याला आमचा इलाज नाहीं.) पहिलें पद स्वतःच सामासिक असलें कीं मुख्य सांधा कोणता हें कळावें म्हणून 'स' पुष्कळदां तेथें येऊन उभा राहतो. पांढरें मद्य एकीकडे आणि पेला दुसरीकडे. पांढरेपणा चुकून पेल्याला चिकटूं नये, एवढी त्याची काळजी.

आपल्याकडे असें कांहीं आहे काय, हें आम्ही शोधूं लागलों तों तें घरांतच सांपडलें. घोडा आणि स्वार मिळून घोडेस्वार होतो. आंबा आणि डाळ मिळून आंबेडाळ होते. पाणी समासांत शिरतांना आपला शेवटचा स्वर उंबरठ्याबाहेर ठेवतें, म्हणून पाणवठा, पाणचक्की, पाणकोंबडी. नात्यांचे शब्द तर पाहण्यासारखे आहेत. मामाचा मुलगा मामेभाऊ, आत्याचा आतेभाऊ, मावशीचा मावसभाऊ, चुलत्याचा चुलतभाऊ. प्रत्येकानें सांध्यापाशीं आपलें रूप थोडेंसें वांकविलें आहे. दुसऱ्याशीं जुळवून घ्यावयाचें तर आपल्यास थोडें वळावें लागतें, हें शब्दांनाही चुकलेलें नाहीं.

या सांध्यांची खरी परीक्षा होते ती शब्दांचीं अक्षरें पाडतांना. एका स्वराभोंवतीं उच्चारांत जो ध्वनींचा पुंजका जमतो त्याला येथें अक्षर म्हणावें. नॉर्वेमध्यें लहान मुलांस टाळ्या वाजवून शब्दांचीं अक्षरें मोजावयास शिकवितात. दुक्-के-येम, तीन टाळ्या. फोल्-के-फी-एन्-दे, पांच टाळ्या. दोन्हीकडचा 'के' कानाला सारखाच. परंतु अर्थाला विचारलें तर पहिला 'के' सबंध बाहुलीचाच अवयव आहे, आणि दुसऱ्यांतला 'क' तेवढा लोकांचा व 'ए' खुंटीचा. कान जेथें चिरतो तेथें अर्थ चिरत नाहीं. इब्सेनच्या १८८४ मधील 'विल्दान्देन' या नाटकाचें नांव घ्या. लिहिल्याप्रमाणें उच्चारलें तर त्याचीं अक्षरें विल्, दान्, देन अशीं पडतात. अर्थाचे तुकडे मात्र विल्द, आन्द, एन असे आहेत: रानटी, बदक, आणि इंग्रजींतील 'द'चें काम करणारा, पण शब्दाच्या शेपटीला लागणारा प्रत्यय. दोन्हीकडे तुकडे तीनच. परंतु कानाची एकही चीर अर्थाच्या चिरेशीं जुळत नाहीं.

मग छापतांना ओळ संपत आली आणि शब्द तोडणें भाग पडलें, तर ऐकावें कोणाचें, कानाचें कीं अर्थाचें? नॉर्वेजियन लेखनाचा नियम असा कीं, शब्द साधा असेल तर स्वराआधींचें एक व्यंजन पुढील ओळीवर न्यावें. शब्द सामासिक असेल तर आधीं सांधा शोधावा आणि तेथेंच तोडावें. खुंटी पहिल्या पदाबरोबर मागें राहते. एका ठिकाणीं तर हा नियम फार हृद्य झाला आहे. नात्त म्हणजे रात्र, आपल्या 'नक्त' शब्दाची सख्खी बहीण. आणि तोग म्हणजे आगगाडी. रोमन लिपींत पहिल्या शब्दाच्या शेवटीं दोन 'त' आहेत व दुसऱ्याच्या आरंभीं एक. एकाच व्यंजनाच्या तीन खुणा लागोपाठ लिहावयाच्या नाहींत असा तेथील दंडक असल्यामुळें, रात्रीच्या गाडीच्या नांवांतला एक 'त' लुप्त होतो. पण हाच शब्द ओळीच्या शेवटीं तोडण्याची वेळ आली, तर लुप्त झालेला 'त' परत लिहावा लागतो. एकत्र नांदतांना ज्यानें आपला हक्क सोडला, त्याला वियोगाच्या वेळीं त्याचा वांटा परत मिळतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस या नियमाचें मर्म निराळें सांगावयास नको.

सांधा चुकला तर काय होतें, याचेंही एक उदाहरण देतों. बील म्हणजे मोटार. 'आउतोमोबील' या लांबलचक शब्दाचें नुसतें शेपूट ठेवून तो बनला आहे. देलेर म्हणजे भाग. दोन्ही मिळून मोटारीचे भाग असा शब्द होतो. परंतु बील्दे म्हणजे चित्र आणि लेर म्हणजे हसतें. रोमन लिपींत वर्ण तेच, क्रमही तोच. सांधा जरा पुढें सरकला कीं मोटारीचे भाग नाहींसे होऊन चित्र हसूं लागतें. बोलतांना असा घोटाळा सहसा होत नाहीं, कारण समासाचा मुख्य आघात सामान्यतः पहिल्या पदावर पडतो, आणि एक मुख्य आघात म्हणजे एक शब्द हें ऐकणाऱ्यास कळतें. आपल्या वैदिकांना ही गोष्ट नवी वाटणार नाहीं. त्वष्ट्याला इंद्राचा वध करणारा पुत्र हवा होता. 'इंद्रशत्रु' या शब्दांत स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, आणि इंद्रच ज्याचा वध करील असा वृत्र जन्मास आला. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभीं, व्याकरण कां शिकावें हें सांगतांना, याच शब्दाचा दाखला दिला आहे.

लेखनांत आघात दिसत नाहीं. तेथें सांध्याचें रक्षण होतें तें पदें जोडून लिहिल्यानें. अलीकडे, बव्हंशीं इंग्रजीच्या सहवासानें, पुष्कळ नॉर्वेजियन लोक सामासिक पदें सुटीं लिहूं लागले आहेत, आणि तेथील भाषाप्रेमी मंडळी कधीं चिडून तर कधीं हसून त्याचीं उदाहरणें गोळा करीत असतात. लाम्मेलोर म्हणजे कोंकराची तंगडी. पदें सुटीं लिहिलीं कीं त्याच वर्णांच्या 'लुळ्या मांड्या' होतात. रॉइकफ्रित्त म्हणजे धूम्रपानास मनाई असलेलें. तोडून लिहिलें कीं 'खुशाल धूर काढा' अशी ती आज्ञा होते. मधली रिकामी जागा दिसावयास निरुपद्रवी असते, पण अर्थ तिच्यांतून निसटतो.

आतां नातीकडे वळूं. गेल्या उन्हाळ्यांत त्या मायलेकी महिनाभर आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. टाळ्यांचा खेळ ती मराठी शब्दांवरही चालवीत असे. एके दुपारीं 'मामेभाऊ' हा शब्द तिच्या कानांवर पडला. मा-मे-भा-ऊ, चार टाळ्या झाल्या. मग ती थांबली आणि तिनें विचारलें, "मामा आणि भाऊ, मग मध्यें 'मे' कशाला?" टाळ्यांनीं जें उत्तर मिळत नाहीं तें तिला हवें होतें. आमच्या घरांत इतकीं मुलें वाढलीं, पण हा प्रश्न कोणी विचारलेला आम्हांस आठवत नाहीं. आम्हीं तिला उलट विचारलें, "तुझ्या बार्नेहागेमध्यें 'ए' कशाला असतो?" क्षणभर विचार करून ती म्हणाली, "चिकटवायला." व्याकरणकार अनेक पानें खर्चून याहून फारसें अधिक सांगत नाहींत.

नात्यांच्या शब्दांची तिला विशेष गोडी. नॉर्वेजियनमध्यें मूर म्हणजे आई व फार म्हणजे बाप; म्हणून आईची आई ती मूरमूर, बापाची आई ती फारमूर, आणि आजोबा अनुक्रमें मूरफार व फारफार. आपण मूरमूर आहों हें ऐकून वहिनींना प्रथम चिवड्याची आठवण झाली, आणि व्याह्यांना 'फारफार' म्हणतात हें कळल्यावर त्या पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होत्या. परंतु इंग्रजीनें 'ग्रँडमदर' या एका नांवांत जो भेद बुडविला, तो येथें सांध्यांत शाबूत आहे. उलट चुलत, आते, मामे व मावस हीं सारीं भावंडें ती भाषा 'भावंडांचीं मुलें' अशा अर्थाच्या एकाच समासांत बसविते. या हिशेबांत आमची जागा कोणती, हा प्रश्न ओघानेंच आला. "तुम्ही माझे नक्की कोण?" असें तिनें विचारलें. "तुझ्या आईचे काका," असें आम्हीं सांगितलें. तिनें बोटांवर मोजलें आणि जागच्या जागीं शब्द घडविला: मूर-फार-ब्रूर. आईच्या बापाचा भाऊ. ब्रूर म्हणजे आपला भ्राताच. तो शब्द तिनें कोणत्या कोशांतून घेतला नव्हता. पण सांधे दोन्ही बिनचूक होते.

सांधा दिसत असला म्हणजे शब्दाला पालवी फुटते, त्यापासून दुसरे शब्द निघतात. बुजला म्हणजे शब्द घट्ट होऊन बसतो. प्राचीन नॉर्स भाषेंत खिडकीला विंदआउगा, म्हणजे वाऱ्याचा डोळा, असा सुंदर समास होता. नॉर्वेजियन लेखनाचीं दोन मान्य रूपें आहेत. बूकमोल, म्हणजे ग्रंथबोली, या रूपांत त्या शब्दाचें 'विंदू' झालें व डोळा मिटला. न्यूनोर्स्क या दुसऱ्या रूपांत 'विंदआउगे' असा तो अजून उघडा आहे. इंग्रजी 'विंडो' त्याच घराण्यांतला, पण तो उच्चारणाऱ्यास त्यांतला डोळा दिसत नाहीं. आपल्या गवाक्षांतही बैलाचा डोळा आहे. संस्कृत जाणणाऱ्यास तो दिसतो, इतरांस तो नुसता भारदस्त शब्द. देवकुलाचें देऊळ झालें, मातृगृहाचें माहेर झालें. सांधा बुजल्यानें शब्द मरतोच असें नाहीं; माहेर म्हटलें कीं सासुरवाशिणीचे डोळे आजही भरून येतात. परंतु माहेराच्या घडणीवर नवा शब्द कोणास करतां येत नाहीं. मामेभावाच्या घडणीवर तो येतो, कारण तेथें बोट ठेवावयास जागा आहे.

दादांस आम्हीं जें सांगितलें तें याच आधारावर. मुलगी दोन भाषांची सरमिसळ करते याचें कोणी भय बाळगूं नये. ती सांधे चांचपून पाहत आहे. एकाच भाषेंत वाढणारास आपल्या शब्दांचे सांधे सहसा जाणवत नाहींत, जसे निरोगी माणसास आपल्या गुडघ्याचे जाणवत नाहींत. शेजारीं दुसरी भाषा असली कीं ते दिसूं लागतात. मामेभावाचा 'मे' तिला दिसला तो बार्नेहागेच्या 'ए'मुळें, आणि बार्नेहागेच्या 'ए'ला तिनें नांव दिलें तें मराठींत. शाळेच्या सोयीसाठीं मराठी काढून घेतली, तर मराठी तर जाईलच. पण तिच्या नॉर्वेजियनचाही एक डोळा मिटेल.

मराठी तिच्या तोंडीं जन्मभर टिकेल, असें वचन मात्र आम्हीं दादांस दिलें नाहीं. तसें वचन कोणासही देतां येणार नाहीं. ती तेथेंच वाढेल आणि तिचीं मुलें कोणत्या भाषेंत हट्ट करतील तें सांगवत नाहीं. पुतणीनें तूर्त मराठी बंद न करण्याचें ठरविलें आहे. रात्रीच्या जेवणाला घरांत मराठीच बोलावयाची, आणि दर रविवारीं मूरमूर व मूरफार यांच्याशीं दूरध्वनीवर बोलावयाचें, असा क्रम त्यांनीं घालून घेतला आहे. दादांना हें थोडेंसें कृत्रिम वाटतें. भाषेसाठीं वेळापत्रक आपल्याकडे कधीं होतें, असें ते म्हणतात. तें खरें आहे. पण आपल्याकडे शब्द एकाच ओळीवर होता, म्हणून एखादें व्यंजन न लिहितांही चालत असे. आतां घराची ओळ संपून अर्धा शब्द पुढच्या ओळीवर गेला आहे, आणि इतके दिवस लुप्त असलेलें तें व्यंजन यापुढें स्पष्ट लिहावें लागणार आहे.